जांभळ्या कापडाखाली

१

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी व्हॅलुझाकच्या चर्चमधल्या घंटा रोमहून परत आल्या आणि पुरत्या वाजायच्या आतच गप्प झाल्या.

लेओनी शाब्रोल बाई तेव्हा परसात मधमाश्यांच्या पेट्या उघडून बसल्या होत्या. उभा जन्म गावच्या सरकारी शाळेत गेलेल्या या बाईंचा आणि चर्चचा छत्तीसचा आकडा होता. पण घंटांचा रिवाज त्यांनाही ठाऊक होता. गुरुवारी घंटा मुक्या होतात, त्या रोमला गेल्या असं पोरांना सांगायचं. शनिवारी सकाळी गौरवगीत सुरू झालं की त्या परततात, आणि त्याच घटकेला मूर्तींवरची जांभळी कापडं उतरतात. दोन आठवडे झाकलेले देव पुन्हा तोंड दाखवतात. यात कधी खंड पडल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

शिवाय काल शुक्रवारी आणखी विपरीत घडलं होतं. सगळा गाव क्रूसामागून टेकडीवर गेलेला, चर्च रिकामं, आणि घंटेचा एक टोला पडला. एकच. टेकडीवरच्या बाया जागच्या जागी गुडघ्यांवर बसल्या म्हणे. रोमला गेलेली घंटा वाजली, की ईस्टरच्या आत गावातलं कुणीतरी जातं, अशी तिथली समजूत. बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी काल त्यांनी चहा गार होऊ दिला होता.

फाटक वाजलं. फौजदार तिसो सायकल ढकलत आत आला. मागे गोणपाटात काहीतरी गोल बांधलेलं होतं. तिसो बाईंचाच विद्यार्थी, गणितात कच्चा.

"बाई, येऊ का?"

"आलासच आहेस. पाय पूस."

तिसोनं पाय पुसले आणि टोपी काढून हातात घेतली. "काळी मरियामाता गेली, बाई. कापड ओढलं, तर खाली ती नाहीच. तिच्या जागी हे."

त्यानं गोणपाट सोडलं. आत मधमाश्यांचं पेंढ्याचं जुनं टोपलं होतं, पालथं घातलेलं. त्याच्या डोक्यावर वाळका भोपळा खोचलेला. भोपळ्याला नाक नाही, डोळे नाहीत. दोन आठवडे अख्खा गाव या भोपळ्यापुढे हात जोडत होता.

"टोपलं तुमचंच ना?"

बाईंनी पेंढ्यावरून बोट फिरवलं. त्यांचे वडील डावखुरे होते. काटेरी वेलीच्या सालीनं ते पेंढ्याचे वेढे शिवायचे, तेव्हा टाका सगळ्या जगाच्या उलट बाजूला कलायचा. तसली टोपली पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नव्हती.

"माझंच. आता लाकडी पेट्या आल्या, म्हणून उरलेली तिन्ही वाटून टाकली. उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हा एक फादर ग्रेलना दिलं, एक शिंपीण झेलीला. तिसरं माझ्याकडं राहणाऱ्या चित्रकाराला, तो आल्यावर. म्हणजे तू मला धरायला आलायस की काय?"

"नाही, बाई." तिसो टोपीच्या आतल्या अस्तराकडे बघत राहिला. "धरलंय ते तुमच्या भावाला."

२

ओक्ताव शाब्रोल चर्चचा सेवक. झाडलोट त्याची, किल्ल्या त्याच्या, घंटा त्याची. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ, आणि अठ्ठावीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

भांडण सरकारी होतं, पण घरात शिरलं. चर्चमधल्या वस्तूंची मोजदाद करायला सरकारची माणसं आली, तेव्हा ओक्ताव दाराला बाकडी लावून आत बसला. लेओनी नवीकोरी सरकारी शिक्षिका, ती बाहेर अधिकाऱ्यांच्या बाजूनं उभी. दार कुऱ्हाडीनं फोडलं आणि ते ओक्तावच्या गुडघ्यावर पडलं. तेव्हापासून तो लंगडतो आणि तेव्हापासून ही चर्चचा उंबरा ओलांडत नाही. दोघंही शाब्रोल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"काल तो एकटाच चर्चमध्ये होता," वाटेनं चालताना तिसो सांगत होता. "गुडघ्यामुळं टेकडी चढत नाही. मनोऱ्याची किल्लीही त्याच्याकडंच. हिवाळ्यात तो जुन्या वस्तूंचा व्यापारी मोटार घेऊन आला होता ना, त्यानं येऊन मूर्ती नेली असणार, आणि टोला म्हणजे मैदान मोकळं असल्याची खूण. बरं, हा नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. संध्याकाळच्या टपालाच्या मोटारीनं शहरात न्यावं लागेल, बाई. तिथं गेला की माझ्या हातात काही नाही. त्या तुरुंगाची हवा... आणि त्याचं वय."

"वय मला सांगू नकोस. मी त्याच्याहून मोठी आहे."

चर्चच्या दाराशी बाई थबकल्या. खालची फळी अजून वेगळ्या रंगाची होती. मग त्यांनी स्कर्ट उचलला आणि आत पाऊल टाकलं.

आत ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास होता. काळीचा कोनाडा उजव्या हाताला. चौथरा मोकळा होता आणि खालची फरशी पांढरीधोप. जांभळं कापड तिथंच पडलं होतं.

"ही पांढरी पूड कसली?"

"चुना. कापड ओढलं तशी ही एवढी राळ उडाली. बेकरीवालीच्या नव्या टोपीचा सत्यानाश झाला. ती आधी टोपीसाठीच किंचाळली, मग वर बघून."

"बेकरीवालीनं ओढलं? मूर्ती झाकणं-उघडणं झेलीचं काम ना?"

"तिची लेक आर्मांद आजारी आहे. परवापासून झेली घराबाहेर पडलेली नाही."

वर परांचीवर चित्रकार व्हॉक्लेर पाय खाली सोडून बसला होता. पॅरिसचा माणूस. भिंतीवरचा जुना चुना खरवडून खालची चित्रं उघडी करायला सरकारनं पाठवलेला.

"बाई, तुम्ही आणि चर्चमध्ये?" तो म्हणाला. "आता चुना नाही, छत कोसळेल."

"टोपलं कुठाय माझं?"

"माझ्या उशाशी. घाणेरडे ब्रश आहेत त्यात. सकाळीच फौजदारांना दाखवलं. आणि इथं या, एक गंमत दाखवतो."

त्यानं कंदील भिंतीशी धरला. चुन्याखालून तीन मेलेली माणसं बाहेर आली होती. बरगड्या, दात, अंगावर फाटकी कफनं. ती एका दाराच्या चौकटीत उभी राहून आत बघत होती. आत पलंग, पलंगावर एक बाई, केस सुटलेले, तोंड वासलेलं. उशाशी तिवईवर एक काळी ठेंगणी आकृती ताठ बसलेली.

"आधी नुसते डोळेच बाहेर आले," व्हॉक्लेर म्हणाला. "रात्री स्वप्नात यायचे. बाई मरतेय, मेलेले तिला न्यायला आलेत, आणि तो काळा सैतान आत्म्याची वाट बघतोय. पाचशे वर्षांपूर्वीची माणसं, काय त्यांचं डोकं."

बाई त्या काळ्या आकृतीकडे बघत राहिल्या. ही आकृती आपण कधीतरी पाहिली आहे, असं त्यांना वाटलं. चित्रात नव्हे, घरात.

"खरवडायला सुरुवात कधी केलीस?"

"आलो त्याच दिवशी, सोमवारी. दोन आठवडे होतील आता. मूर्ती आदल्या शनिवारीच झाकल्या होत्या, म्हणून तर फादरनी हरकत घेतली नाही. गेल्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, मात्र काम बंद करायला लावलं."

"आणि खाली चुना कोण झाडायचं?"

"तुमचे बंधू. फरशी रोज. कापडाला मात्र हात लावत नसत. झाकलेल्या देवाला हात लावायचा नाही म्हणे."

३

ओक्तावला चर्चमागच्या कपड्यांच्या खोलीत बसवलं होतं. तो बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता. केस पांढरे झाले होते. हे बाईंना रोज दुरून दिसायचं, इतक्या जवळून आजच.

"ओक्ताव."

त्यानं मान वर केली नाही.

"तू हे केलं नाहीस. मला माहीत आहे. मग बोलत का नाहीस?"

ओक्ताव तिसोकडे वळला. "फौजदार, यांना घरी जायला सांगा. यांचा यात काही संबंध नाही. लिहून घ्या तसं."

"मी कुठं म्हटलं त्यांचा संबंध आहे?" तिसो म्हणाला.

"म्हणू पण नका."

बोलताना तो उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत होता, काहीतरी पुन्हा पुन्हा चाचपून बघावं तशी. बाईंनी ते पाहिलं. मग त्याच्या कोटाकडे पाहिलं. काळा, सणासुदीचा, कालपासून अंगावर असलेला, आणि त्यावर चुन्याचा ठिपकासुद्धा नाही.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "तिसो, मोटार यायच्या आत मला दोन घरं करायची आहेत. त्याला हलवायचं नाही."

"बाई, कायदा..."

"कायदा मीच शिकवला तुला."

४

फादर ग्रेल परसात एका उंच काठीला नाशपातीची फांदी बांधत होते. तरुण, सडपातळ, छपराच्या गळतीनं बेजार झालेला माणूस.

"संशय माझ्यावर आहे का, बाई?" ते शांतपणे म्हणाले. "छपरासाठी मूर्ती विकली म्हणून? गावात तेही बोलतायत."

"टोपलं दाखवा."

टोपलं भिंतीशी होतं. आत मधमाश्या घुमत होत्या. टाका उलटा, वडिलांचाच. हे कुणी दोन दिवसांत रचलेलं नव्हतं. आत मेणाचं पोळं चांगलं रुंद झालं होतं.

"हे झालं. आता सांगा, काळीला झाकलं कुणी?"

"आम्ही. मी, ओक्ताव आणि झेली."

"तिघांनी मिळून?"

फादरचा हात काठीवर थांबला. या प्रश्नाचा कुणी विचारच केला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा. "नाही," ते हळूच म्हणाले. "क्रूस आणि संत आम्ही झाकले. काळीला पुरुषानं कपडा चढवायचा नसतो. तिचं सगळं झेली करते. आम्ही दोघं बाहेर थांबतो, दार ओढून घेतो. ती झालं म्हणते, मग आत जातो."

"आणि झेली येताना काय घेऊन आली होती?"

"कापडांची मोठी टोपली. नेहमीसारखी."

"आणि जाताना?"

"तीच. धुवायचे कपडे घेऊन." फादरनी काठी भिंतीला टेकवली. "पण बाई, झेली तिच्या पायाशी वाढलेली आहे. ती चोरी का करेल?"



५

झेली शिवणकाम करायची. लेओनीच्याच वर्गातली, एका बाकावरची. घर गावाच्या टोकाला. दिवसाढवळ्या वरच्या खिडक्यांच्या झडपा बंद होत्या. अंगणात धुकं उतरलं होतं आणि त्यात एक लाल कोंबडी माती उकरत फिरत होती.

दार अर्धंच उघडलं. झेलीच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

"लेओनी? काय गं? आत्ता नको येऊस."

"टोपलं बघायला आले. तू कोंबडी बसवायला नेलंस ना?"

"बसलीय. आत अंधारात. तिला उठवू नकोस, अंडी गार पडतील."

"लाल कोंबडी ना?"

"हो, लालच. दुसरी कुठाय माझ्याकडं?"

कोंबडी दोघींच्या मधून ऐटीत निघून गेली. झेलीनं तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"झेली, ओक्तावला संध्याकाळी घेऊन जातायत."

"कळलं मला." तिचा आवाज फाटला. "उद्यापर्यंत थांबव गं. फक्त उद्यापर्यंत. तो माणूस आहे, एक रात्र सोसेल. मी येऊन सगळं सांगते. पण आत्ता नाही. काल ती घंटा वाजली ना, तेव्हापासून मला..."

वरून एक आवाज आला. लांब, खोल, जनावराचा वाटावा असा. झेलीनं दार लावून घेतलं. आतून कडी पडली.

बाई धुक्यात उभ्या राहिल्या. आर्मांदची आधीची दोन्ही बाळं गेली होती, एक जन्मताच, एक जन्माआधी. तो आवाज आजारपणाचा नव्हता. असा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, अगदी लहानपणी, आपल्याच घरात. आई पलंगावर. बाबा दाराशी. आणि उशाशी तिवईवर एक काळी ठेंगणी बाई ताठ बसलेली. ती कुणाशी बोलत नव्हती, काही खात नव्हती, पापणीही हलवत नव्हती. लेओनी तिला घाबरून टेबलाखाली लपली होती. सकाळी ती बाई नव्हती, आणि पाळण्यात ओक्ताव होता. ती कोण, हे पुढे कुणी सांगितलं नाही. जुन्या फादरनी तो प्रकार बंद केला आणि गावानं त्याच्यावर चुना फासला.

बाई जवळजवळ पळतच चर्चकडे निघाल्या.

६

"चित्रातल्या मेलेल्यांचे पाय बघ," बाई म्हणाल्या. धाप लागली होती. कंदील व्हॉक्लेरच्या हातात होता. तिसो आणि फादर खाली उभे होते. ओक्तावलाही त्यांनी बाहेर आणायला लावलं होतं. "पाय कुठल्या बाजूला वळलेत?"

व्हॉक्लेर वाकला. "बाहेर," तो म्हणाला. "तोंडं आत, पावलं बाहेर. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"ते न्यायला आलेले नाहीत. निघालेत. त्यांना घालवून देणारी ती तिवईवर बसलीय. तुझा सैतान म्हणजे आमची काळी. बाई मरत नाहीये, बाळंत होतेय. पूर्वी काळीला अशी घरी नेऊन बाळंतिणीच्या उशाशी बसवायचे."

फादर ग्रेलनी हळूच क्रूसाची खूण केली.

"आता तिसो, तू ऐक. तुझं म्हणणं, मूर्ती काल गेली. दीड हात उंच मूर्ती काढायची, टोपलं ठेवायचं, म्हणजे कापड उचलावं लागणार. त्या कापडावर आठवडाभराचा चुना होता. उचललं असतं तर तो काल पडला असता. फरशीवर, आणि उचलणाऱ्याच्या अंगावर. पण चुना पडला आज, बेकरीवालीच्या टोपीवर. ओक्तावचा कोट बघ. म्हणजे खरवडणं सुरू झाल्यापासून ते कापड कुणीच उचललं नाही. काळी त्याच्या आधीच गेली. व्हॉक्लेर तेव्हा गावात आलाच नव्हता. फादरच्या टोपल्यात मधमाश्या आहेत. उरलं एक टोपलं, आणि कापड चढवताना काळीजवळ एकटी असणारी एकच बाई. तुम्ही सगळे म्हणता, 'आम्ही मूर्ती झाकल्या'. तिला तुमच्यापैकी कुणीच झाकलं नव्हतं. आणि एकदा झाकल्यावर बघायची तुम्हाला बंदी."

"झेली," तिसो म्हणाला. "पण मग विकली कुणाला?"

"अरे, विकली नाही. आर्मांद तिथं अडलीय. आधी दोन पोरं गेली. झेली आजच्या आत काळीला आणून ठेवणार होती, पण कळा गुरुवारीच सुरू झाल्या आणि संपेचनात. पोरीच्या उशाशी बसलेली ती उठवायची कशी?"

फादर म्हणाले, "माझ्याकडं मागितली असती, तर मी मूर्ती चर्चबाहेर न न्यायचा नियम सांगितला असता. म्हणून मागितली नाही."

"फादर, नियमाचं नंतर बघू. डॉक्टरला तुमच्या घोडागाडीतून आणा, आधी."

फादर धावले. तिसोनं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "आणि तो घंटेचा टोला, बाई?"

बाई वळल्या. त्या ओक्तावसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ते हाच सांगेल."

ओक्ताव बोलला, पण फरशीकडे बघून.

"दरवर्षी शुक्रवारी मी तिच्या पायाला हात लावतो. कापड न उचलता, खालून हात घालून. सगळे टेकडीवर जातात, मला जाता येत नाही, म्हणून. काल हात घातला, तर पाय नाही. पेंढा. मी घाबरलो. आग लागल्यावर ओढतात तशी धावत जाऊन घंटा ओढली. एकदाच ओढली. मग कळलं."

"काय कळलं?"

त्यानं बोटं अंगठ्यावर घासली. "टाका. उलटा होता. बाबांचा."

तिसोला काही उमगलं नाही. पण बाईंना सगळं एकदम समजलं आणि त्या बाकावर बसल्या. वडिलांच्या टोपल्यांपैकी ओक्तावकडं एकही नव्हतं. सगळी हिच्याकडं आली होती. त्याच्या हिशेबी मूर्ती पळवणारी एकच व्यक्ती होती, जिनं अठ्ठावीस वर्षांपूर्वी दार फोडायला लावलं ती. आणि तिच्यासाठी हा माणूस लंगडत तुरुंगाच्या मोटारीत चढणार होता, तोंडातून अवाक्षर न काढता.

टपालाची मोटार चौकात येऊन थांबली, भोंगा वाजवून निघून गेली. तिसोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंधार पडायच्या सुमाराला फादर ग्रेल परत आले. डोक्यावर टोपी नव्हती, झग्याला चिखल. त्यांच्या हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. शालीतून एक काळा, लांबट, अक्रोडाच्या लाकडाचा चेहरा बाहेर बघत होता. पापण्या न हलवता.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "दोघी जगतील म्हणतो डॉक्टर. झेलीनं स्वतः माझ्या हातात दिली हिला. शाल काढायची नाही म्हणाली, ती उद्या येऊन कपडा चढवेल." त्यांनी मूर्ती चौथऱ्यावर ठेवली आणि ओक्तावकडे वळले. "सकाळी घंटा अर्ध्यावर राहिल्या. पुऱ्या कराव्यात."

ओक्ताव उठला. गुडघा आखडला होता. बाईंनी त्याच्या दंडाला धरलं, आणि त्यानं हात काढून घेतला नाही. दोघं मनोऱ्याच्या पायरीपर्यंत आले. मग बाईंचा बांध फुटला.

"गाढवा, मला एकदा विचारायचंस तरी."

ओक्तावनं दोर हातात घेतला. पहिल्यांदाच त्यानं बहिणीकडे नीट पाहिलं.

"विचारणार कसं, ताई?" तो म्हणाला. "आपण बोलत नव्हतो ना."